झालरीखालची सुतळी

अठरा वर्षं मी ढाणकीच्या शाळेत जडत्व शिकवलं, आणि एवढ्या वर्षांत एकाही पोरानं घरी जाऊन त्याबद्दल चकार शब्द काढला असेल असं मला वाटत नाही. फळ्यावर व्याख्या, खाली उदाहरण: बस अचानक थांबली की प्रवासी पुढे झुकतो. संपलं. अर्धा वर्ग रोज एसटीत उभ्यानं येत होता. झुकण्यातलं त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं.

मग उमरखेडहून रोज येऊन-जाऊन करणारा एक विज्ञान-शिक्षक आमच्याकडे रुजू झाला, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. नववीचा वर्ग त्याच्याकडे गेला. नववीत माझी मुलगी होती.

पहिल्याच आठवड्यात तो पोरांना जिनिंग कारखान्याच्या फाटकापाशी घेऊन गेला. तिथे कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागलेली. भरलेली बंडी जागची हलवताना बैल किती वाकतात, आणि एकदा चाक फिरलं की त्यांच्या माना कशा सैल पडतात, एवढंच त्यानं बघायला सांगितलं. एका गाडीवानानं त्याला विचारलं म्हणे, "काय पाहून राह्यले गुरुजी, जोडी घ्याची हाय का?" हे मुलीनं जेवताना सांगितलं. सांगताना घास तिच्या हातातच राहिला होता.

"बाबा, आठवीत तुमी होते ना आमाले? मंग बंडी काहून नाई दाखवली?"

"बंडी तर रोज दारावरून जाते."

"जाते ना. पण दाखवली नाई तुमी."

त्यानंतर तो माणूस रोज आमच्या घरी जेवायला असे, फक्त स्वतः येत नसे. आज त्यानं पेल्यावरच्या पत्त्याला टिचकी मारून नाणं पेल्यात पाडलेलं असे, उद्या कॅरमच्या सोंगट्यांच्या चळतीतली सगळ्यांत खालची सोंगटी उडवलेली असे. एकदा तर त्यानं टेबलावर जुनं मलमलचं धोतर पसरून त्यावर पाण्यानं भरलेला पितळी गडवा ठेवला आणि धोतर सपकन ओढून घेतलं. गडवा जागच्या जागी. बायको म्हणाली, "हुशार दिसते तो सर." मी भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. मीठ बरोबर होतं.

मला कुणाचा इतका राग कधी आला नव्हता. त्यानं माझं काहीच वाईट केलेलं नव्हतं, ही त्यातली सर्वांत जाचक गोष्ट.

ती कपाशीच्या पडझडीची वर्षं होती. गावागावांतून सुतकी शांतता, आणि रस्त्यांवर पांढऱ्या गाड्यांची वर्दळ. येणारा प्रत्येक पाहुणा परिस्थितीला गती द्यायला येई आणि चहा घेऊन जाई. त्यातलाच एक आमच्या विज्ञान प्रदर्शनाला ठरला. मुख्याध्यापकांनी पाहुण्यांसमोरच्या गडव्याच्या प्रात्यक्षिकासाठी नव्या माणसाचं नाव लावलं. माझ्याकडे मंचाची व्यवस्था आली. म्हणजे खुर्च्या, हार आणि नारळ.

त्या दिवशी मंडपात वारा फार होता. मी मंचावर गेलो तर टेबलावर धोतर नव्हतं. संस्थेचा लाल मखमली टेबलपोस होता, सोनेरी झालरीचा.

शिपाई म्हणाला, "पाव्हण्यासमोर धोतर कसं पसरवा सर? बरं दिसते का ते? मीच बदलवलं."

मी झालर उचलून पाहिली. टेबलपोस वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यानं चारही कोपरे सुतळीनं टेबलाच्या पायांना बांधले होते. पक्क्या गाठी. बंडीवर कापसाचं गाठोडं बांधावं तशा. मी झालर खाली सोडली.

तेवढ्यात पाहुण्यांच्या गाड्या आल्या. स्वागत, हार, प्रास्ताविक, मग आणखी एक प्रास्ताविक. मग नव्या शिक्षकाचं नाव पुकारलं गेलं. टेबलाजवळ येऊन तो थबकला आणि हळूच मला म्हणाला, "सर, धोतराऐवजी मखमल? चालेल का?"

"मखमल चालेल," मी म्हणालो.

हे खरं होतं. त्यानं मखमलीबद्दल विचारलं होतं, सुतळीबद्दल नाही.

त्यानं गडवा ठेवला, पोरांकडे पाहून हसला आणि हिसका दिला. टेबल अख्खं हातभर सरकलं. गडवा बिचारा व्याख्येप्रमाणे जागीच राहू पाहत होता, पण टेबलच खालून निघालं. तो कलंडला आणि पाणी पाहुण्यांच्या मांडीवर. मंडप खदखदून हसला. पोरं हसली, मागे उभे असलेले बाप हसले. त्या वर्षांत एवढी माणसं एकदम हसलेली मी पाहिली नव्हती.

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं झालर उचलली, गाठ पाहिली, मग शिपायाकडे पाहिलं. शिपाई खांबाआड सरकला. विज्ञान-शिक्षकानं झालर खाली सोडली आणि तो माईकवर म्हणाला, "चूक माझी. प्रयोगाआधी मांडणी तपासायची असते, ती मी तपासली नाही."

दुपारी मुख्याध्यापक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या साली तुम्हीच करा बुवा. अनुभवाला पर्याय नाही." महिनाभर हेच वाक्य ऐकायला मी झुरलो होतो.

संध्याकाळी मुलगी जेवायला बसली, पण तिनं शाळेतलं काही सांगितलं नाही. ताट उचलताना म्हणाली, "तुमी झालर उचलून पायली होती. मी समोरच्याच रांगेत होती."

मी भात कालवत राहिलो.

"तुमी सरले सांगसान, का मी सांगू?"

सोमवारी सकाळी मी एसटी थांब्यावर जाऊन उभा राहिलो. बस कचकन थांबली, आतली सगळी माणसं पुढे झुकली, तोही झुकला. उतरल्यावर मी म्हणालो, "सुतळी मी आधीच पाहिली होती."

त्यानं पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाला, "मखमलीचं मात्र तुम्ही बरोबर सांगितलं होतं." आणि हसला. बोचरं नाही, सरळ. "चला सर, तास सुरू होईल."

माफ करणंसुद्धा त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं. याचाही मला हेवा वाटला.

मुलगी रस्त्याच्या पलीकडे उभी होती. ती आली आणि आमच्या दोघांच्या मधून चालू लागली. शाळेपर्यंत ती त्याच्याशीच बोलत होती, कॅरमच्या सोंगट्यांबद्दल. पण तिनं दप्तर माझ्याकडे दिलं होतं, आणि ते चांगलंच जड होतं.