डबा ठेवायला जागा असलेली होडी

माझा नवरा पंचवटीतला. नदीपासून हाकेच्या अंतरावर जन्मला, तिथल्याच गल्ल्यांत वाढला आणि त्याला पोहता येत नाही. लग्नानंतर हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, चेष्टा करतोय. पण खरं होतं. लहानपणी घाटावर शेवाळावरून पाय घसरून तो गंगेत पडला होता. नाशकात गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. आजीने केसांना धरून वर ओढलं, आणि त्या दिवसापासून त्याने पाण्याशी नमस्कारापुरताच संबंध ठेवला.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. खारे वारे कुठून कुठे वाहतात, मतलई वारे कुठून, हे मी सगळी नोकरीभर मुलांकडून घोकून घेतलं. नोकरी संपल्यावर कुणीतरी सांगितलं की गंगापूर धरणावर शिडाची होडी चालवायला शिकवतात. आमचं घर गंगापूर रोडलाच. म्हटलं, बघून तर येऊ. पहिल्याच दिवशी शीड भरलं, होडी कलली, तोंडावर पाणी उडालं, आणि इतकी वर्षं फळ्यावर बाण काढून दाखवलेला वारा मला पहिल्यांदा भेटला. मी मोठ्याने हसत सुटले. शिकवणाऱ्याला वाटलं, घाबरून हसताहेत बाई.

मग मला शर्यतींचं वेड लागलं. क्लबची होडी मिळेल तशी घ्यायची, आणि एक दाताची डॉक्टरीण माझी जोडीदार. नवरा दर रविवारी सोबत यायचा. पण काठापर्यंतच. घडीची खुर्ची, थर्मास, पेपर, माझा कोरडा पंचा आणि डोक्यावर टोपी असा त्याचा संसार तिथे मांडलेला असायचा. होडी ढकलताना मी वळून म्हणायचे, "येते हं," आणि तो पेपरातून मान वर करून म्हणायचा, "ये."

एकदा शर्यतीचा भोंगा वाजला तरी आमची दोरी गुंतलेलीच होती. त्या घाईत मी ओरडले, "जाते हो!" आणि उत्तर ऐकायला न थांबता निघालेही. परत आले तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि हा पाण्याच्या कडेला, चपला भिजवत उभा. डॉक्टरीण म्हणाली, "शर्यतभर तिथेच होते ते, मी बघत होते." त्याने मला पंचा दिला आणि हळू आवाजात म्हणाला, "पाण्यात शिरताना तरी नीट बोलत जा गं. जाते काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस पेपर वाचतच नव्हता. रविवारमागून रविवार तो काठावर बसून जीव मुठीत धरून माझ्या शिडावर नजर ठेवून होता. मला फार वाईट वाटलं, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे लगेच रागही आला. मी जाहीर करून टाकलं की आता स्वतःची होडी घ्यायची, आणि ती अशी की तिच्यात तुम्हीही बसाल.

लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते. बोलताना 'अहो' आणि 'तुम्ही'. आमच्या पिढीची ती सवय.

"बसेन," तो म्हणाला, "पण फळी रुंद हवी, पाठ टेकता आली पाहिजे, आणि डबा ठेवायला कोरडी जागा हवी."

"आणि शर्यतीत मागे पडता कामा नये," मी म्हटलं.

क्लबातले लोक खूप हसले. एकच होडी पळणारीही हवी आणि फिरायला नेणारीही हवी, अशी मागणी करणारे पुढे दोन्हींना मुकतात, असं एकाने मला तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, बघून घेऊ.

पहिली होडी मुंबईला बघितली. सुरीसारखी निमुळती आणि इतकी हलकी की मी एकटीने तिचं टोक उचललं. माझं मन तिथेच जडलं. नवरा दोनदा तिच्याभोवती फिरला आणि विक्रेत्याला म्हणाला, "यात माणूस बसतो कुठे?"

"बाहेर," विक्रेता म्हणाला. "पाय या पट्ट्यात अडकवायचे आणि अंग पाण्यावर झोकून द्यायचं."

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने गाडीत जाऊन बसले.

दुसरी पुण्याची. तिला छोटी खोली होती, आत दोन गाद्या, शेगडीसुद्धा. हा एकदम खूश. "चहा करता येईल बघ!" म्हणत आत शिरला तो बाहेर येईना. मी तिच्या कडेवर थाप मारली तर भिंतीवर मारल्यासारखा आवाज आला. आमच्या धरणावरच्या वाऱ्याने ती जागची हलायला संध्याकाळ झाली असती. मी म्हटलं, "अहो, ही होडी नाही, वन बीएचके आहे. चला." परतीच्या वाटेवर सिन्नर येईपर्यंत दोघंही फुगून बसलो होतो.

तिसरी घोटीला निघाली, तीही भाताच्या गिरणीत. गिरणीवाल्याच्या मुलाने हौसेने घेतली आणि तो परदेशी निघून गेला. गोदामात ताडपत्री काढली तर होडीभर तूस आणि मधोमध एक उशी.

"ही उशी कसली?" मी विचारलं.

"माझी हाय," गिरणीवाला जराही न लाजता म्हणाला. "दुपारचा मी हिच्यातच पडतो. लय गार लागतं, ताई. पण पळाया बी तशीच हाय, पोरगं सांगायचं. तुम्हाला पळवायची हाय का झोपायचं हाय?"

"तिला पळवायची आहे," नवरा म्हणाला, "आणि मला झोपायचं आहे."

मी तूस झाडलं, तळावरून हात फिरवला, डोलकाठी वाकवून पाहिली. तळ सरळ आणि गुळगुळीत होता, शीड जुनं पण ताठ. रुंद, पण बोजड नाही. माझं मन हळूहळू हो म्हणायला लागलं होतं, तरी मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. तेवढ्यात मागून खट्ट असा आवाज आला. नवरा होडीत बसला होता. पाठ टेकून. होडीच्या पुढच्या टोकाखालच्या कप्प्यात त्याने आमचा जेवणाचा डबा सरकवून झाकण लावून पाहिलं होतं.

"बसला," तो म्हणाला. इतक्या समाधानाने तो मुलीच्या लग्नातही बोलला नव्हता.

होडी घरी आली. त्याने रीतसर पूजा केली, नारळ फोडला, आणि लिंबू कुठे ठेवायचं यावर बराच विचार करून शेवटी होडीच्या गाड्याच्या चाकांखाली ठेवलं. झेंडूची माळ थेट डोलकाठीला. सगळं झालं, पण स्वतः काही बसेना. एका रविवारी वारा फार होता, दुसऱ्या रविवारी वाराच नव्हता, तिसऱ्या रविवारी त्याचा गुडघा. खुर्ची, थर्मास, पेपर पुन्हा काठावर. मी "येते हं" म्हणायचे, तो "ये" म्हणायचा, आणि ती रुंद फळी रिकामीच धरणभर हिंडून यायची. एकदा मी चिडून म्हटलं, "ती मुंबईची सुरी सोडून ही कुणासाठी घेतली मी?" त्याने पेपराची घडी घालून खाली ठेवला. त्याचा चेहरा बघून मलाच रडू आलं.

मग एका शर्यतीच्या सकाळी डॉक्टरणीचा फोन आला, तापाने फणफणलेय. दोघांशिवाय उतरता येत नाही, म्हणून मी नाव मागे घ्यायला निघाले. वळून बघते तर नवरा स्वेटरवर लाइफ जॅकेट चढवत होता. बंद चुकीच्या बाजूने बांधलेले. बगलेत डबा.

"मला फक्त काय करायचं ते सांग," तो म्हणाला.

सुरुवात बरी झाली. मी सुकाणूवर, त्याच्या हातात पुढच्या शिडाची दोरी. शर्यतीची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या पहिल्या बोयाला वळसा घातला आणि डोंगराकडून वारा अंगावर आला. मी म्हटलं, "अहो, जरा मागे झुकता का, आणि ती दोरी..." वाक्य पुरं होईपर्यंत होडी आडवी व्हायला आली. सगळा आदर तिथेच पाण्यात गेला. मी किंचाळले, "झुक! मागे झुक रे! ओढ दोरी, ओढ, सोडू नकोस!"

आणि तो झुकला. पंचवटीचा तो भरभक्कम देह पाण्यावर असा झोकला की होडी ताडकन सरळ झाली आणि सुटली ती सुटलीच. आम्हाला दोन्हींना मुकाल म्हणणाऱ्याची होडी आमच्या डावीकडून मागे पडताना मी डोळ्यांनी पाहिली. नवरा पाण्याने निथळत, डोळे घट्ट मिटून ओरडत होता, "पुढे आहोत का? अगं, पुढे आहोत का?" मी कधी नाही इतकी हसले.

नंबर काही आला नाही. शर्यत संपल्यावर आम्ही परत न फिरता पलीकडच्या काठाला गेलो आणि डबा उघडला. आत थेंबभरही पाणी नव्हतं. थालीपीठ खाता खाता तो म्हणाला, "सगळ्या क्लबासमोर मला अरे-तुरे केलंस."

"चुकलं हो," मी म्हटलं.

"होडीत राहू दे तसंच," तो म्हणाला. "घरी अहो."

पुढच्या रविवारी शर्यत नव्हती. मी गाडीतून शीड काढेपर्यंत तो डबा कप्प्यात ठेवून फळीवर जाऊन बसलादेखील. खुर्ची डिकीतच राहिली होती. मी होडी ढकलली, उडी मारून आत आले, सुकाणू धरलं आणि सवयीने काठाकडे वळून म्हटलं, "येते हं!"

काठावर कुणीच नव्हतं.

"कुणाला सांगतेस?" माझ्या गुडघ्यापाशी दोरी धरून बसलेला नवरा म्हणाला. "मी इथे आहे."