कंसाबाहेरचं नाव

गाडीत राहते म्हटलं की लोक आधी हळहळतात. मला त्याचा भारी राग येतो. अहो, बारा वर्षं मी याच गाडीतून शहापुरातली पोरं शाळेत सोडली. पोरं कमी झाली, धंदा बसला, तेव्हा मागच्या सीटा काढल्या आणि फळी टाकून वर गादी घातली. एक शेगडी, दोन कळशा, एक ट्रंक. खिडकीला पडदा म्हणून साडी, मोरपंखी, जरीकाठाची. तिचं पुढं सांगते. यात हळहळण्यासारखं काय आहे? घरमालकीण नाही, आणि नवऱ्याला सोडून वीस वर्षं झाली, त्यामुळं तोही नाही.

आधी मी कसाऱ्याजवळच्या आमच्या गावी, वडिलांच्या घरासमोर गाडी लावायचे. वडील गेल्यावर घरात धाकटा भाऊ आणि त्याची बायको. एक दिवस भावजय म्हणाली, "ताई, पाव्हणे विचारतात हो. गाडी जरा लांब लावत जा ना." भाऊ तिथंच दाढी करत होता. त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा गाल फुगवला. मी चावी फिरवली आणि निघाले. त्या दिवशी ठरवलं, जिथं 'गाडी हटव' म्हणायची कुणाची टाप नाही, अशी एक एकर तरी जमीन घ्यायचीच.

जमीन बघायला निघालं की पहिला भेटतो एजंट. "मॅडम, एकदम रोड टच आहे." मग अर्धा तास बांधाबांधानं चालवतो. रस्ता कुठाय विचारलं तर म्हणतो, होणार आहे. दुसरा प्रश्न ठरलेला, "सर कधी येतील बघायला?" मी सांगायचे, सर नाहीत, पैसे माझे, गाडी माझी आणि काटे टोचतायत ते पायही माझेच. आणि तिसरा प्रश्न, जरा आवाज उतरवून, "आडनाव काय म्हणालात?"

आमचे आजोबा बौद्ध झाले, वडील रेल्वेत लागले. मान खाली घालायला आम्हाला कुणी शिकवलंच नाही. मी आडनाव ठणठणीत सांगते. मुरबाडकडच्या एका जमीनवाल्यानं मला ओटीवर बसवून आत चहा सांगितला होता. आडनाव ऐकलं आणि त्याला एकदम आठवलं की ती जागा पुतण्याला द्यायची आहे. बरं म्हणून उठेन असं त्याला वाटलं. मी पाय पसरून बसले. म्हटलं, "चहा सांगितलाय ना? येऊ द्या." आला. मी बशीत ओतून सावकाश प्यायले. तो तोवर कॅलेंडर वाचत होता.

दोन हिवाळे असेच गेले. म्हसाच्या जत्रेत गुरांच्या बाजारातही मी जमिनीचीच चौकशी करत हिंडले. तिथंच एका बैलवाल्यानं सांगितलं, सिद्धगडाच्या अंगाला एक म्हातारी आपली एकर विकतेय, पण कुणाला देत नाय. का देत नाय, तर येणारा प्रत्येकजण तारेचं कुंपण आधी मोजतो.

म्हातारी दारात नाचणी पाखडत होती. माझी गाडी आत-बाहेर नीट बघितली, शेगडीला हात लावला. "हितंच जेवतंस?"

"हितंच."

"आन् घर बांधशील तवा माजी वाट अडवशील?"

तिची गुरं त्या एकरातून ओढ्यावर पाण्याला जायची. मी म्हटलं, "मावशी, मला पण एकदा अंगणातून हटवलंय. मी नाय अडवायची कुणाला."

"मंग बस गो बाय," ती म्हणाली. आडनाव तिनं विचारलं, पण ते नाचणी पाखडता पाखडता, आणि ऐकून सूप काही थांबलं नाही.

व्यवहार ठरला. मुरबाडला दस्त लिहिणाऱ्याकडं गेले. त्यानं चष्मा वर केला. "शेतकरी आहात का तुम्ही? शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, बाई. तुमचं नाव असलेला सातबारा आणा."

मला खिडकीची ती साडी आठवली.

आमच्याकडं बाप गेला की बहिणींनी हक्कसोड द्यायचं. भाऊ जरीची साडी नेसवतो, बहिणी जमिनीवरचं नाव सोडल्याची सही करतात, आणि सगळे एकत्र मटण जेवतात. कागदावर काय लिहिलंय हे कुणी विचारत नाही. विचारलं तर वाईट दिसतं ना! मोठ्या दोघी बहिणींनी मुकाट सही केली. मीही करायला गेले होते, खोटं कशाला बोलू? साडी मांडीवर घेऊन शहापूरच्या नोंदणी कचेरीत बसले होते. बहिणींचं झालं, माझी पाळी आली आणि सर्व्हर बंद पडला. पाच वाजेपर्यंत बसलो. भाऊ म्हणाला, पुढच्या आठवड्यात येऊ. पुढच्या आठवड्यात भावजयीनं गाडी हटवायला सांगितली. त्यानंतर भावाचे फोन येत राहिले, मी गेले नाही. पण त्यानं माझ्यामागं काही उरकून घेतलं असेल तर?

कसाऱ्याला जाऊन झेरॉक्सवालीकडून सातबारा काढला. कागद तिनंच टेबलावर सपाट करून धरला. चुलते, चुलतभाऊ, मग आमचे वडील. त्यांचं नाव कंसात, म्हणजे कमी केलेलं. खाली भाऊ. मोठी बहीण कंसात. मधली बहीण कंसात. आणि सगळ्यात शेवटी मी, मोकळी, कंसाबाहेर. मी तिथंच मोठ्यानं रडले. झेरॉक्सवाली घाबरली, म्हणाली, "काय झालं हो, नाव गेलं का?" म्हटलं, "नाय गो, ऱ्हायलं! चार कॉप्या काढ."

एकर माझ्या नावावर झाली. गाडी आंब्याखाली लावली. महिन्याभरात भाऊ आला, हातात फाईल. इकडंतिकडं बघून म्हणाला, "मस्त आहे गं ताई. आता तुला तुझी जागा मिळाली. आता तिकडची ती सही करून टाक. साडी तर तेव्हाच नेसवली होती."

वाटलं, ओरडावं. वडिलांच्या जमिनीतल्या माझ्या वाट्याच्या त्या दोन गुंठ्यांचं मला काय करायचं होतं? पण त्या नावानंच मला ही एकर दिली होती, आणि ते नाव यानं एका साडीत घेतलं असतं. आधीच्या दोघींचं घेतलंच होतं. मी गाडीत चढले, खिडकीची साडी सोडली, घडी घातली आणि त्याच्या फाईलवर ठेवली.

"साडी ने. सही नाय मिळायची."

"लोक काय म्हणतील?"

"त्यांना सांग, ताईनं साडी परत केली. तेवढं खरं सांग."

तो निघाला तेव्हा म्हातारी गुरं घेऊन माझ्या एकरातून ओढ्याकडं चालली होती. थांबून तिनं त्याच्या काखेतली मोरपंखी घडी बघितली.

"कोण गो त्यो?"

"भाऊ माझा," मी म्हटलं. "साडी न्यायला आला होता."