शून्यावरच्या आडव्या रेघा

यंदाच कॉलेजात शिकवायला लागलेल्या मुग्धाचा गणिताचा तास संपला की त्याच वर्गात माझा सुरू होतो. आज शिरले तर फळ्यावर तिचं स्लोप फील्ड तसंच होतं. समीकरण साधंच: जितकी उंची, तितका चढ. प्रत्येक बिंदूपाशी एक इवलीशी रेघ, वक्राने तिथून कुठल्या दिशेला जायचं ते सांगणारी. मी एकेका बिंदूचा चढ काढून पट्टीने रेघा मारते. निम्मा तास त्यातच जातो. हिने मुलांनाच उठवून ओळीच्या ओळी मारून घेतल्या होत्या. रेघा वाकड्यातिकड्या, काही नको इतक्या लांब. पण त्यांच्यातून वक्र कसा जाणार ते दारातूनच दिसत होतं.

मी डस्टर उचललं तशी पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, थांबा ना, फोटो काढायचाय."

माझ्या पोटात दुखलं. माझ्या फळ्याचा फोटो आजवर कुणी काढलेला नाही.

रेघा सगळ्यांना त्याच असतात. शून्याच्या केसभर वरून निघालेला वक्र जरा रेंगाळतो आणि मग आभाळाला भिडतो. नेमका शून्यावरून निघालेला जन्मभर आडवाच चालतो. आणि नियम तर दोघंही सारखाच पाळतात!

फोटो झाल्यावर मी वरून खाली पुसत आले. सगळ्यात खाली शून्यावरच्या आडव्या रेघा होत्या. तेवढ्याच सरळ आल्या होत्या, पट्टी लावून मारल्यासारख्या.

त्या मी सगळ्यात जोरात पुसल्या.