गंगाक्कानं बांधलेला लिंब

नीलम्मा, आमची मोटार सोलापूरला निघाली तेव्हा तुझी आई गंगाक्का, आपली अव्वा, फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन उमरग्याच्या मोटार-अड्ड्यावर उभी होती. तिनं खिडकीतून गाठोडं पुढं केलं. आईनं तोंड फिरवलं. मला म्हणाली, "घेऊ नको गं. काय कालवलंय कुणास ठाऊक!" मी बारा वर्षांची होते. मी हात मागं घेतला. मोटार हलली तरी गंगाक्काचा हात पुढंच होता. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

हे तू सुना-नातवंडांना वाचून दाखवणार म्हणालीस, म्हणून आम्ही कोण ते सांगते. आम्ही बेने इस्राएल, मूळचे अलिबागकडचे. बाबा उमरग्याच्या दवाखान्यात कंपाउंडर; घरात ते, आई, मी आणि माझा भाऊ. अख्ख्या गावात यहुदी घर एकच. शनिवारी आमची चूल पेटायची नाही, कोंबडी बाबा स्वतः मंत्र म्हणून कापायचे. लोकांना आमचा थांगच लागेना. चावडीवर म्हणायचे, बोलतात मराठी, पण सुंता करतात. मशिदीपाशी म्हणायचे, सुंता करतात, पण नमाजाला येत नाहीत. एरवी खपलं असतं. पण निजामाचं राज्य डळमळत होतं, रझाकार गावोगाव फिरत होते, चळवळीतली पोरं हद्द ओलांडून सोलापूरकडं पळत होती, आणि जो तो शेजाऱ्याच्या दारावर डोळा ठेवून होता. आम्हीही ठेवायचो, खोटं कशाला बोलू?

तुमचं घर तेवढं विश्वासाचं. लिंगायताचं घर, मांसमच्छी नाही, म्हणून तुमच्याकडचं काहीही न विचारता तोंडात टाकायचं. आमच्या चौकटीला मेजुजा होती, पवित्र ओळी लिहिलेली गुंडाळी आत घातलेली नळी. अव्वा येता-जाता तिला हात लावायची. "तुमचा द्याव दाराला, आमचा गळ्यात. एवढाच फरक की वो वैनी!" म्हणायची आणि स्वतःच हसायची.

त्या साली किप्पूर आला. आमच्या जुन्या माणसांत त्याला दारफाळणीचा सण म्हणत. आदल्या संध्याकाळी आंघोळी करायच्या, पांढरे कपडे घालायचे आणि दार लावायचं, ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत उघडायचं नाही. अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या माणसाशी शब्द नाही. नुसती प्रार्थना आणि वर्षभराच्या पापांची क्षमा मागणं.

सकाळीच दाराशी खुडबुड झाली. मी फटीला डोळा लावला. हिरव्या बांगड्यांचा हात आमच्या कडीला कडुलिंबाचा डहाळा बांधत होता. अव्वाचा तो हात मी हजारात ओळखला असता. लिंबाचा डहाळा दाराला म्हणजे घरात देवी आल्यात, जवळ गेलं की रोग लागतो, हे तेव्हा कुणालाही कळायचं. मी आईला खुणेनं सांगितलं. दुपारी अंगणात बूट वाजले. उर्दूत कुणीतरी दरडावलं, मग कुजबुज, मग बूट लांब गेले. बाबांनी पुस्तकावरून मान वर केली नाही, पण पान उलटणारा हात थांबला होता.

किप्पूरनंतरचा दिवस आमच्यात गाठीभेटींचा, दानधर्माचा. त्या दिवशी आमच्या दारात कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. दूधवाल्यानं दूध बंद केलं. दवाखान्यात बाबांच्या हातचं औषध कुणी घेईना. आईचं डोकं फिरलं. "वर्षानुवर्षं माझ्या हातचा चहा प्यायली आणि हिनंच माझ्या घराला रोग लावला!" तिसऱ्या दिवशी अव्वा दारात आली. "वैनी, जरा ऐका की माझं," एवढंच बोलली. आई म्हणाली, "आमच्यात देवी आल्यात ना? मग लांब राहा." आणि दार लावलं. महिन्याभरात आम्ही गाव सोडलं.

सोलापूर झालं, मुंबई झाली, मग बोटीनं इस्राएल. इथं लोद गावात एका शिकूनमध्ये, म्हणजे सरकारी चाळीत, राहतो. मला वाटलं, आता कुणी शंका घेणार नाही. कसलं काय! लग्न नोंदवायला गेले तर विचारलं, तुम्ही खऱ्या यहुदी कशावरून? तुमच्या आईची आई कोण होती? मग मीही सगळ्यांकडं तशीच बघायला लागले. शूकमध्ये, इथल्या बाजारात, भाजीवाला एक टोमॅटो फुकट वर टाकतो तेव्हा आधी तो सडका नाही ना ते बघते. हा माझा जुना रोग.

म्हणून तुझं पत्र आलं तेव्हाही आधी वाटलं, इतक्या वर्षांनी? काहीतरी मागायचं असणार. दोन दिवस फोडलंच नाही.

मग आईला वाचून दाखवलं. अव्वा गेल्याचं. आणि ते दुसरंही. बंद घरात पांढऱ्या कपड्यातली, चळवळीतली माणसं लपवलीत, अशी चुगली ठाण्यावर गेली होती. दार फोडायला माणसं येणार, हे दूधवाल्यानं पहाटे तिला सांगितलं. तिला आमचा नेम ठाऊक होता. बाबा दार उघडणार नाहीत आणि खोटंही बोलणार नाहीत, हेही ठाऊक होतं. म्हणून दूधवाल्यालाही न सांगता तिनं लिंब बांधला आणि आमच्या पायरीवर बसली. बूट आले तेव्हा म्हणाली, "आत दोन लेकरांना देवी आल्यात. जायचं तर जावा."

आईनं ऐकून घेतलं. मग माझ्यावरच उखडली, "मग तेव्हा बोलली का नाही?"

"तू बोलू दिलंस का?"

तिनं तुझ्या पत्राची घडी घातली. मग हळूच म्हणाली, "दिवसभर बसली होती. जेवली तरी होती का गं?"

तेही तू लिहिलं होतंस, मी वाचायचं टाळलं होतं. आंघोळीआधीच ती पळत आली होती. आंघोळ नाही म्हणून गळ्यातल्या लिंगाची पूजा नाही, आणि पूजेशिवाय अव्वा पाण्याचा थेंब घ्यायची नाही. चांदण्या दिसेपर्यंत ती उठली नाही. आम्ही आत चौघं होतो, नीलम्मा. उपास पाच जणांनी केला.

परवा पुन्हा किप्पूरची संध्याकाळ होती. देवाचा अपराध देव माफ करतो, पण माणसाचा त्या माणसाकडंच मागावा लागतो. आई दरवर्षी शेजारीपाजारी जाऊन माफी मागून येते. यंदा कुठंच गेली नाही. पांढरं लुगडं नेसून दारापाशी बसली. मी कडी लावायला गेले तर म्हणाली, "थांब. बाहेर कुणी बसलंय का बघ आधी."

बाहेर कुणी नव्हतं. मी तरी जिन्यापर्यंत जाऊन बघून आले. घर कुठलं, असं इथं कुणी विचारलं की मला आता उमरग्याची तीच पायरी दिसते. आम्ही आतून कडी लावून बसलो होतो आणि बाहेर अव्वा बसली होती, ती पायरी.