खोली न दिसणारा डोळा

आमच्या रत्नागिरीच्या रुग्णालयात नवे डॉक्टर आले की सर्जन आधी त्यांचे हात तपासतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी. एक बंद खोका, त्याला दोन भोकं, आत कॅमेरा. भोकांतून लांब चिमटे घालायचे आणि समोरच्या पडद्याकडे बघत रबरी कड्या एका खुंटीवरून दुसरीवर न्यायच्या. लागलेला वेळ आणि पडलेल्या कड्या, दोन्ही मोजायचं. मी भूलतज्ज्ञ, पण टापटिपीची, म्हणून घड्याळ माझ्याकडे.

या खेपेला तिघे होते. कड्या सारख्या पडत होत्या आणि सर्जन आणि मी हसत होतो.

"मॅडम, बसून हसणं सोपं आहे," त्यातली मुलगी घाम पुसत म्हणाली. "तुम्ही करून दाखवा."

"दाखवतील की," सर्जन म्हणाले. "इतकी वर्षं माझ्या चुका काढतायत."

घड्याळ तिच्या हातात दिलं आणि चिमटे घेतले. एकही कडी पडली नाही. वेळही सगळ्यांत कमी.

सर्जन हसायचे थांबले. "मॅडम, तुम्ही सर्जरी का नाही घेतलीत?"

माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी. दोन्ही डोळे मिळून जी खोली दिसते, ती मला दिसत नाही. शिकताना टाका घालायला गेले की सुई अलीकडेच थांबायची. "असल्या हाती पोट सोपवता येणार नाही," आमचे सर म्हणाले. ते चुकले नव्हते. मी उरलेल्या शाखांची यादी केली, एकीवर खूण केली, कामाला लागले.

पण पडद्यावर खोली कोणालाच दिसत नाही. धड डोळ्यांची ती मुलं तिथे माझ्यासारखीच झाली होती. मी तर देवरूखच्या बागेत झेल्याने, जाळी लावलेल्या लांब काठीने, आंबे काढत वाढले. पानाने आंबा झाकलाय की आंब्याने पान, यावरूनच अंतर ओळखायचे.

दुर्बीण इथे आली तेव्हापासून तो पडदा माझ्यासमोर आहे. रोग्याच्या उशाशी बसून रोज बघते. एकदा चिमटा आपल्या हातात मागून घ्यावा, असं कधी मनात आलं नाही. ती आली तेव्हा माझं अजून शिकायचं वय होतं.

"नाही जमलं तेव्हा," एवढंच म्हटलं आणि कड्या डबीत भरल्या.

दुसऱ्या दिवशी पित्ताशयाच्या ऑपरेशनला सर्जननी त्या मुलीच्या हाती चिमटा दिला. टोक अलीकडेच घुटमळू लागलं.

"कशाने काय झाकलंय ते बघ," मी उशाकडून म्हणाले.

टोक पुढे सरकलं आणि नेमकं टेकलं.

"कळलं, मॅडम!"

माझे हात मांडीवर होते. मी पुन्हा नाडीकडे बघायला लागले.