पुष्पाबाईंनी पाठवलेला पत्ता

कुंभार पिंपळगावच्या पुष्पाबाई अंगणवाडीतून निवृत्त झाल्या, तेव्हा कामाचा फोन त्यांना परत द्यावा लागला. साडी आणि नारळ घेऊन त्या घरी आल्या, पण जीव त्या फोनमध्येच अडकला होता. त्यात मुलांची वजनं भरता भरता त्यांना या यंत्रांचं वेड लागलं होतं. थोड्याच दिवसांत त्यांनी जालन्याहून स्वतःचा फोन आणला, मग जुना लॅपटॉप, मग पावलं मोजणारं हातातलं घड्याळ. नवरा रामकिसन मोसंबीच्या बागेत रमणारा माणूस. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता आणि तो त्यांना पुरत होता.

पुष्पाबाई नुसत्या वस्तू घेत नसत, त्यांच्याविषयी लिहीतही असत आणि लिहिलेलं जुन्या सेविकांच्या ग्रुपवर टाकत. ‘भाकरी थापायला बसले की माझ्या घड्याळाला वाटतं, बाई फिरायला निघाल्या. काल स्वयंपाक होईस्तोवर माझं निम्मं गाव चालून झालं होतं.’ किंवा, ‘कानात गाणं लावलं की आपण किती मोठ्यानं बोलतो ते कळत नाही. काल आमच्या घरी मेथी आहे, हे अंबडच्या सगळ्या एसटीला कळलं.’ बायका हसून हसून उत्तरं पाठवत.

गावात पंक्चरचं दुकान चालवणारे चांदपाशा त्यांचे शेजारी. त्यांच्या मुलीचं, रुखसारचं, लग्न हसनाबादला ठरलं. रुखसार पुष्पाबाईंच्या अंगणवाडीत वाढलेली, म्हणून कार्ड मीच करणार असं त्यांनी सांगून टाकलं. फोनवर पाठवायचं कार्ड, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. उर्दूचा कीबोर्ड लावला तशी अक्षरं उजवीकडून डावीकडे पळायला लागली. पुढचं अक्षर आलं की मागचं आपलं रूप बदलून त्याचा हात धरायचं. पुष्पाबाई हरखून गेल्या. रुखसार शेजारी बसून एकेक अक्षर सांगायची, चुकलं की पुसायला लावायची. खूप दिवस दोघींना दुसरा उद्योग नव्हता.

शेवटी मंडपाचं ठिकाण जोडायचं राहिलं. मंडप शाळेमागच्या मैदानात होता. पण त्या दिवशी पुष्पाबाई शेतात होत्या, कारण रेंज तिथं चांगली यायची. मैदानाचं ठिकाण निवडण्याऐवजी त्यांचं बोट ‘सध्याचे ठिकाण’ यावर पडलं. कार्ड सुंदर झालं होतं, त्यामुळे ते ठिकाण कुणी उघडून पाहिलं नाही.

लग्नाच्या सकाळी रामकिसन बागेला पाणी देत होते. लाइट आली होती, पाणी सोडून मग आंघोळ करून मंडपात जायचा त्यांचा बेत होता. तेवढ्यात पांदीतून एक बस आणि तिच्यामागं जीपगाड्या आल्या. सेहरा बांधलेला नवरदेव खाली उतरला. त्याचे चुलते हाशिमभाई फोन हातात धरून पुढं आले आणि निकाह इथंच आहे का म्हणून विचारू लागले.

रामकिसननी चिखलाचे हात धोतराला पुसले. “इथं मोसंबी हाये. निकाह गावात हाये. पण आलेच आहात तर सावलीत बसा, पाणी प्या.”

फोन तर हेच ठिकाण दाखवतोय, असं हाशिमभाईंनी सांगितल्यावर काय घडलं असेल ते रामकिसनच्या लक्षात आलं. त्यांनी बायकोला फोन लावला.

पुष्पाबाई तेव्हा रुखसारजवळ बसल्या होत्या. ठिकाण आपणच चुकीचं जोडलं, हे ऐकताच त्यांना कळलं. दोष फोनवर ढकलून देता आला असता, पण त्या उठल्या आणि सरळ चांदपाशांकडे गेल्या.

“चांदभाई, वऱ्हाड आमच्या शेतात गेलं. चूक माझी हाये.”

काझी येऊन बसलेले, आणि मुलाकडच्यांची अशी फजिती झालेली. व्याही काय म्हणतील या धास्तीनं चांदपाशांनी हाशिमभाईंना फोन लावला. पलीकडून आधी चघळल्याचा आवाज आला. म्हाताऱ्या बायकांना पाय मोकळे करायला मिळाले, मुलं मोसंबी खातायत, फक्त बस वळत नाही, असं हाशिमभाईंनी सांगितलं.

बस रामकिसननीच वळवून दिली. कुंपण उघडलं, ठिबकच्या नळ्या गोळा करून बांधावर टाकल्या आणि मोकळ्या वावरातून बसला वाट दिली. मग मळक्या कपड्यांतच मोटारसायकलवर पुढं निघाले. आख्खं वऱ्हाड त्यांच्यामागून मंडपात आलं. म्हाताऱ्या बायकांच्या ओढण्यांत मोसंबी बांधलेली होती.

दारात पुष्पाबाई हात जोडून उभ्या होत्या. हाशिमभाई त्यांच्यासमोर थांबले.

“आपा, रस्त्याचं राहू द्या. कार्डावरचं उर्दू कोणी लिहिलं?”

“मीच लिहिलं. रुखसारनं तपासलं.”

हाशिमभाईंनी उर्दू शाळेत उभी हयात शिकवलं होतं. फोनवर उर्दू लिहायला घरातल्या बायकांना हौस आहे, पण शिकवणारं कोणी नाही, असं ते म्हणाले. निकाह झाला, जेवणं झाली. रामकिसन घरी जाऊन आंघोळ करून आले तोवर बिर्याणीची शेवटची पंगत उठत होती. चांदपाशांनी त्यांच्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं.

पुढं मुलाकडच्या दावतीला पुष्पाबाई आणि रामकिसन हसनाबादला गेले. पुष्पाबाईंनी लॅपटॉप बरोबर घेतला होता. हाशिमभाईंच्या ओसरीवर बायका गोळा झाल्या आणि सतरंजीवर शिकवणी सुरू झाली. रामकिसन बाहेर बाजेवर बसून मोसंबीच्या छाटणीविषयी बोलत राहिले. आत एका आजींनी एका बोटानं चाचपत आपलं नाव लिहिलं, चष्मा वर करून ते पाहिलं आणि अक्षरं थोडी मोठी करून मागितली. पुष्पाबाईंनी ती पडदाभर मोठी करून दिली.