सोमीबायनं सरकारला दिलेली उचल

सोमीबाय हिलम, आपट्याच्या वरच्या अंगाच्या कातकरवाडीतली वीटभट्टी मजूर, शिमगा सरल्यावर दुसऱ्या सोमवारी, भर दुपारी, पनवेलच्या तहसील कचेरीतल्या बाकावर मेली. देवाघरी गेली, निवर्तली, असलं काही मी लिहिणार नाही. ती मेली, आणि समोरच्या खिडकीतल्या बाबूला ते जेवणाची सुट्टी संपल्यावर कळलं. तिच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी खांदा कॉलनीत माहिती अधिकाराची पत्रकं वाटत होते. "ताई, आय उठत नाय... शिपाई बोलतो, दुसरीकडं झोपवा."

आमची पहिली भेट झाली तेव्हाही माझ्या हातात पत्रकंच होती. तिनं एक घेतलं, त्यात सुकट बांधली आणि म्हणाली, "कागद चांगला हाय पोरी, आनखी दे." तिला स्वतःला मात्र एकच कागद हवा होता. वाडीखालची जमीन मालकानं प्लॉटवाल्याला विकली होती. त्यानं झोपड्यांभोवती सिमेंटचे खांब पुरले आणि सांगितलं, ही घरं काल-परवाची आहेत, पाडणार. घरं जुनी असल्याचा पंचनामा फार वर्षांपूर्वी सरकारनंच केला होता आणि तो सरकारच्याच कपाटात पडून होता. मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला, तिनं अंगठा उठवला. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ही माहिती फुकट मिळते, कायद्यातच तसं आहे. पण पिवळं रेशनकार्ड तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावावर. बाबू हसत म्हणाला, "मावशी, गरिबी नवऱ्याच्या नावावर आहे, तुमच्या नाही." सोमीबाय म्हणाली, "मग जाताना संगं न्यायची व्हती ना मेल्यानं!" अख्खी कचेरी हसली. दहा रुपयांचा स्टॅम्प मात्र लावावाच लागला. दहाच रुपये ना, असं तुम्ही म्हणाल. त्यात आपट्याहून यायचं-जायचं भाडं घाला, बुडालेली मजुरी घाला आणि 'साहेब मीटिंगला गेलेत' ऐकून परत फिरलेल्या फेऱ्या घाला.

दिवाळीनंतर वाडी ओस पडते. मुकादमानं पावसाळ्यातच उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, हातावर ठेवलेले असतात. ते फिटेपर्यंत माणूस भट्टीचा. हे पनवेलच्या प्रत्येक कचेरीला ठाऊक आहे. पत्र नेमकं तेव्हाच सुटलं... अख्ख्या फायलीची तीनशेच्या वर पानं आहेत, पानाला दोन रुपयांप्रमाणे भरा. अहो, मागितलं होतं एक पान! पत्र बंद झोपडीवरून परत गेलं आणि अर्जावर शेरा पडला, 'शुल्क न भरल्याने निकाली'.

शिमग्याला ती वाडीवर आली, अंगात ताप घेऊनच. मी म्हटलं, अपील करू, वीस रुपयांचा स्टॅम्प लागेल. ती उखडली. "आनखी कशाला? सरकारनी माझी धा रुपयांची उचल घेतली हाय ना? उचल घेतली का काम कराया लागतं. आमी नाय गेलो तं मुकादम दारात येऊन बसतो. मी पन बसन." मी समजावलं, मावशी, ती फी असते, फीनं सरकार बांधलं जात नाही. "म्हंजे पैसं घेऊन बांधून घ्यायाचं आमीच? त्यांनी नाय?"... कायद्याचं पुस्तक माझ्या पिशवीत होतं. मी ते बाहेर काढलं नाही.

ती जाऊन बसली. रोज. बाबू विचारायचा, "काय आजी, वसुली?" ती म्हणायची, "व्हय. तुमी पळाले नाय ना, बघाया आले." त्या सोमवारी तिनं काहीच उत्तर दिलं नाही. बाबूला वाटलं, म्हातारी रुसली.

नंतर मी त्याच खिडकीवर गेले. "अर्जदार मयत आहे, विषय संपला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, लाज तर नव्हतीच. मृत्यूच्या दाखल्याची जादा प्रत हवी असेल तर शुल्क लागेल, ही माहिती मात्र तिच्या सुनेला न मागता मिळाली.

विषय संपलेला नाही. वाडी पुन्हा भट्टीवर गेली आहे आणि पाऊस लागायच्या आत झोपड्या पाडू, असं प्लॉटवाला उघड सांगतो. मी माझ्या नावानं अर्ज टाकलाय, पण एका पोरीचा अर्ज निकाली काढायला किती वेळ लागतो? रविवारची ही पुरवणी वाचून डोळे भरून आले असतील तर ते पुसा, मला त्यांचा काही उपयोग नाही. हा कायदा अर्जदाराला कारण विचारत नाही, वाडीत राहता का तेही विचारत नाही. तुमचं घर दिवाळीनंतर ओस पडत नाही. तुमच्या दारी पोस्टमन आला की कुणीतरी दार उघडतं. मग उद्या कचेरी उघडली की त्या खिडकीवर जा आणि आपट्याच्या कातकरवाडीच्या पंचनाम्याचं ते एक पान तुमच्या नावानं मागा.